काचेतलं पाणी

वाचायला सुरुवात करण्याआधी हाताशी काहीतरी ऊबदार घेऊन बसा. चहाचा कप चालेल, शेकायची पिशवी चालेल, शेजारी कुणी आपलं माणूस बसलं असेल तर त्याचा हातही चालेल. डोळे मिटायची गरज नाही. माझ्या कामात डोळे मिटून भागत नाही, त्यामुळे हे मननही उघड्या डोळ्यांनीच करायचं आहे. मी जिथे थांबेन तिथे तुम्हीही थांबा. एकदोन श्वास जाऊ द्या, मग पुढे चला.

आधी जागा बघून घेऊ. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं एडमंटन शहर. जानेवारी महिना, पहाटेचे तीन. बाहेर उणे ३५ अंश. या थंडीत पहिल्याच श्वासाला नाकातला ओलावा गोठतो आणि बुटाखालचा बर्फ फळ्यावर खडू करकरावा तसा करकरतो. सूर्य उगवायला अजून पावणेसहा तास आहेत. समोर एका विद्यापीठाचा परिसर पसरलेला आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहं, सगळं झोपलेलं. एकाच इमारतीच्या धुराड्यातून पांढरा लोट सरळ वर चाललाय. ती आमची इमारत, हीटिंग प्लांट. इथे पाण्याची वाफ होते, भुयारातल्या नळांमधून ती प्रत्येक इमारतीत जाते, तिथे ऊब देते आणि पाणी होऊन परत येते. मी इथे पॉवर इंजिनिअर आहे. आज माझी रात्रपाळी आहे.

पॉवर इंजिनिअर म्हटलं की आपल्याकडे विजेचं काम डोळ्यांसमोर येतं. कॅनडात बॉयलर सांभाळणाऱ्याला हे नाव आहे. त्याच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, पाचवी सगळ्यात खालची आणि पहिली सगळ्यात वरची. प्रमाणपत्राला इथली माणसं ‘तिकीट’ म्हणतात. तिसऱ्या पायरीचं मिळालं त्या दिवशी मी हौसेने घरी फोन केला, “आई, थर्ड क्लासचं तिकीट मिळालं!” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन थर्ड क्लासच? आनि त्यो डबा तर रेल्वेनं कवाच काढलाय न्हवं?”

वडिलांना, म्हणजे आबांना, मात्र लगेच कळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. उसाचं चिपाड जाळून वाफ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गळीत हंगामाच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं. पूजा, नारळ, अध्यक्षांचं भाषण, आणि मग धुराड्यातून पहिला धूर. सगळी गर्दी माना वर करून धुराकडे बघायची. आबा गर्दीकडे पाठ करून काचेकडे बघत उभे असायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण दर रविवारी त्यांचा फोन येतो तेव्हा ‘कसा आहेस’ असं ते विचारत नाहीत. विचारतात, “काय रं, काचंत पाणी दिसतंय न्हवं?”

हा एकच प्रश्न बरोबर घेऊन आज आपण प्लांटभर फिरणार आहोत.

*

बॉयलरच्या माथ्यावर एक आडवं, जाड पोलादी पिंप असतं. त्याला ड्रम म्हणतात. खालच्या अर्ध्यात पाणी, वरच्या अर्ध्यात वाफ. पोलादातून आतलं दिसत नाही, म्हणून ड्रमला बाहेरून एक उभी काच जोडलेली असते. तिचं खालचं टोक पाण्याला मिळालेलं, वरचं वाफेला. आत पाणी ज्या उंचीवर, काचेतही त्याच उंचीवर. दोन मजली यंत्र, शेकडो नळ्या, पंप, पंखे, पण त्याचा सगळा जीव या वीतभर काचेत.

तिच्यासमोर उभे राहा. काय दिसतं? पाण्याची एक रेघ. नीट बघितलंत तर ती किंचित हलतेय. जराशी वर, जराशी खाली. आत पाणी उकळतंय, बुडबुडे फुटताहेत, वाफ निघून जातेय, पंप मागून नवं पाणी ढकलतोय. त्या सगळ्या गडबडीची थरथर या रेघेत उतरते.

नवशिक्या असताना मला वाटायचं, ही रेघ एकदा जागच्या जागी ठरली की आपलं काम चोख. तसं मी आमच्या शिफ्ट इंजिनिअरला बोलूनही दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, ज्या दिवशी रेघ हलायची थांबेल त्या दिवशी घाबरायला शिक. रेघ थिजली की बहुतेक वेळा काचेकडे येणारी वाट गाळाने तुंबलेली असते. मग काच आताचं पाणी दाखवत नाही, केव्हाचं तरी अडकून पडलेलं पाणी दाखवते. ड्रममधली पातळी घसरत चालली तरी काच आपली ‘सगळं ठीक’ म्हणत राहते.

म्हणून पाळीवर आल्याबरोबर पहिलं काम ठरलेलं. काचेखालची तोटी उघडायची. फस्सकन पाणी आणि वाफ निघून जाते, काच रिकामी होते. तोटी बंद करायची आणि बघत राहायचं. पाणी झटकन वर चढून पुन्हा थरथरू लागलं, तर वाट मोकळी आहे. रेंगाळत चढलं, तर काहीतरी साचतंय.

इथे थांबू.

मनन म्हटलं की आपल्याला निश्चल तळ्याचं चित्र दाखवतात. एकही तरंग नको, एकही विचार नको. मला बॉयलरने वेगळंच शिकवलं. पाणी जिवंत असेल तर ते थोडं हलणारच. या क्षणी तुमच्या मनात काही बारीकसं वरखाली होत असेल, उद्याचं एखादं काम, सकाळी कुणी बोललेला शब्द, गुडघ्यातली कळ, तर त्याला दाबू नका. रेघ हलतेय, एवढंच बघा.

आणि बरेच दिवस तुम्हाला काहीच वाटत नसेल, ‘मी अगदी शांत आहे’ असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल, तर एकदा तोटी उघडून बघा. ज्याला काही सांगायचं राहून गेलंय त्याला ते सांगून बघा. काच रिकामी झाल्यावर मागून पाणी कसं येतं? झटकन, की रेंगाळत?

दोन श्वास. घाई नाही.

*

आता जिना उतरून खाली, बर्नरसमोर. पारा आणखी घसरतोय, इमारती जास्त वाफ मागताहेत, तेव्हा दुसरा बॉयलर पेटवावा लागणार. इंधन नैसर्गिक वायू. मी बटण दाबतो.

आग लागत नाही.

आधी पंखा सुरू होतो. काही मिनिटं तो नुसती स्वच्छ हवा भट्टीतून घालवत राहतो. ना वायू, ना ठिणगी. मागच्या वेळचा न जळलेला वायू एखाद्या कोपऱ्यात दबा धरून राहिला असेल आणि त्यावर ठिणगी पडली, तर भट्टीच फुटायची. म्हणून मागचं सगळं बाहेर गेल्याशिवाय पुढचं पेटवायचं नाही. त्यानंतर एक लहान ज्योत. तिच्यावर यंत्राचा एक डोळा रोखलेला असतो. ज्योत खरोखर आहे अशी त्याची खात्री पटली तरच मोठा वायू सुटतो. खात्री पटली नाही तर सगळं बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून हवा.

पेटल्यावरही जाळ लगेच मोठा करायचा नाही. गार विटा आणि गार पोलाद यांना आपापल्या गतीने तापू द्यायचं. थंड पडलेल्या बॉयलरला पूर्ण दाबावर यायला काही तास लागतात. त्या वेळात चहा पिता येतो, आकडे लिहिता येतात, पण त्याला ढकलता येत नाही.

भट्टीच्या झरोक्यातून ज्योतीकडे बघत आपण उभे आहोत असं समजा.

ऑफिसातून निघालेला माणूस घराचं दार उघडतो तेव्हा ऑफिसातला वायू बऱ्याचदा त्याच्याबरोबर घरात येतो. कुणीतरी साधंच विचारतं, “भाजी आणलीस का?” आणि भडका उडतो. ठिणगी भाजीची, वायू मात्र दुपारच्या मीटिंगचा. मी स्वतः हे पुष्कळदा केलंय. आता दाराबाहेर बूट झटकताना मी मुद्दाम वेळ लावतो. बर्फ झटकायला दहा सेकंद पुरतात, मी मिनिटभर उभा राहतो.

आत्ता तीन वेळा श्वास सोडून बघा. घेण्याकडे लक्ष देऊ नका, तो आपोआप येतो. सोडताना मात्र शेवटपर्यंत सोडा, कोपऱ्यातलंही बाहेर जाऊ द्या.

*

आता पाण्याची वाफ कशी होते ते जवळून बघू, कारण या सगळ्या कामाचं गुपित तिथे आहे.

पातेल्यात एक किलो पाणी घ्या, बर्फाइतकं गार. खाली जाळ लावा, आत तापमापी धरा. पारा चढत चढत १०० अंशांवर येतो. इथवर पाण्याने साधारण ४१९ किलोज्यूल उष्णता घेतली. जाळ तसाच चालू ठेवा. पाणी खळखळतं, वाफ जाऊ लागते, पण पारा १०० वरच. सगळ्या पाण्याची वाफ होईपर्यंत त्यात आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल शिरतात. आधीच्या पाचपटीहून जास्त. आणि तापमापीला याचा पत्ताही नाही.

शाळेच्या पुस्तकात याला ‘अप्रकट उष्मा’ म्हटलं होतं. व्याख्या दोन गुणांसाठी पाठ केली आणि सोडून दिली. पुढे कळलं की हा शोधही एका विद्यापीठातच लागला. १७६०च्या दशकात ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक शिकवत होते. त्यांना बर्फाने कोड्यात टाकलं. थंडी सरून हवा ऊबदार होते तेव्हा डोंगरावरचा सगळा बर्फ एका दिवसात का वितळत नाही? वितळला असता तर दरवर्षी गावंच्या गावं पुरात गेली असती. पण बर्फ आठवडेच्या आठवडे पडून राहतो. म्हणजे तो गुपचूप उष्णता घेतोय, खूप घेतोय, आणि तरी त्याचं तापमान वाढत नाही. त्याच काळात, त्याच विद्यापीठात, उपकरणं दुरुस्त करणारा जेम्स वॉट नावाचा एक तरुण न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती घेऊन बसला होता. ती चालत का नाही, हे शोधता शोधता तोही वाफेच्या याच गुपितापाशी पोचला.

मोठ्या दाबाखाली आकडे बदलतात. १० बार दाबाला पाणी सुमारे १८० अंशांना उकळतं. आपल्या घरच्या कुकरमध्ये हेच लहान प्रमाणात घडतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण मूळ गोष्ट तीच राहते. वाफेकडे जी ऊब असते तिचा फार मोठा भाग तापमापीत दिसत नाही.

ती ऊब वाफ देते कधी? ग्रंथालयातल्या गार धातूला स्पर्श होतो आणि वाफेचं पाणी होतं, त्या क्षणी. अंश तोच राहतो, रूप बदलतं, आणि त्या बदलात साठवलेलं सगळं सुटतं. खिडकीखाली डोकं टेकून झोपलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीला जे ऊबदार लागतं ते हे.

तुमच्या हाताखालच्या उबेकडे जरा लक्ष द्या.

प्लांटवर लागलो तेव्हा मला एक म्हातारा सहकारी शिकवायला मिळाला. नकाशा बघू नकोस, म्हणायचा. नळावर हात ठेव आणि त्याच्या मागोमाग चालत जा. कुठून आला, कुठे वळला, कुठल्या व्हॉल्व्हला थांबला, आणि मग कागदावर काढ. स्वतःची पाळी संपल्यावर तो रोज तासभर माझ्याबरोबर थांबायचा. सहा आठवडे. त्याचा पगार त्या तासांनी वाढला नाही. माझ्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव नाही. आज अंधारातही मला इथला प्रत्येक नळ ठाऊक आहे, ती त्याची ऊब आहे, आणि ती कुठल्याच तापमापीवर कधी दिसली नाही.

तुमच्यात अशी कुणाची उष्णता साठलेली आहे? मोठी नावं शोधू नका. कुणी तुमचा फॉर्म भरून दिला असेल, कुणी दवाखान्याच्या बाकावर तुमच्या जागी रात्र काढली असेल, कुणी पोळ्या लाटता लाटता तुमच्याकडून पाढे म्हणवून घेतले असतील. एकच माणूस आठवा.

राहू द्या तो समोर थोडा वेळ.

*

चला, आता भुयारात. वाकून चाला, छत बुटकं आहे. दोन्ही बाजूंना जाड वेष्टणात गुंडाळलेले नळ, मधोमध एकाच माणसापुरती वाट. वर हात-दीड हात बर्फ साचलाय आणि इथे मला घाम फुटतोय.

काही अंतरावर नळ सरळ जायचं सोडून बाजूला वळतो, चौकोनी वळसा घेतो आणि पुन्हा मूळ वाटेला लागतो. पोलाद तापलं की लांबतं. १०० मीटर नळ दीडशे अंशांनी तापला तर जवळजवळ १८ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वीतभर. त्या वाढीला जागा ठेवली नाही तर तो भिंती फोडेल किंवा स्वतः मोडेल. ज्यांनी हे नळ टाकले त्यांनी नळ गार असतानाच त्याच्या उद्याच्या वाढीची सोय करून ठेवली.

पुढे एक बंद व्हॉल्व्ह. त्यापलीकडची इमारत दुरुस्तीसाठी काही दिवस बंद होती, आता तिला वाफ द्यायची आहे. चाक एका दमात फिरवलं तर दोन मिनिटांचं काम. पण बंद नळात गार पाणी साचलेलं असतं. वेगाने आलेली वाफ त्या पाण्याचा गोळा करून तो पुढच्या वळणावर आपटते. त्या दणक्याला आम्ही वॉटर हॅमर म्हणतो. १८ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ, १९२४ साली टाकलेला एक वाफेचा नळ अशाच दणक्याने फुटला. साचलेलं पाणी काढून देणारे ट्रॅप तुंबले होते.

म्हणून चाक अगदी थोडं फिरवायचं. वाफेचा बारीक सूर ऐकू येतो. खालची तोटी उघडून साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. वाट बघायची. नळ कोमट झाला की आणखी थोडं.

एखाद्या माणसाशी बरीच वर्षं बोलणं नसेल तर तो व्हॉल्व्हही असाच असतो. मनात आलं म्हणून एका रात्रीत सगळं उघडायला गेलं की मधे साचलेलं गार पाणी दणका देतं, आणि मग दोघंही म्हणतात, बंद होतं तेच बरं होतं. आधी दिवाळीचा एक छोटा निरोप. मग वाट बघणं. साचलेलं थोडं वाहून जाऊ देणं. नळ कोमट होतोय का, हाताने बघणं.

असा तुमचा एखादा व्हॉल्व्ह असेल तर आज तो उघडायचा नाही. फक्त त्याच्यासमोर उभं राहायचं.

*

वाफेचं पाणी झालं की ते परत आमच्याकडे येतं. त्याला कंडेन्सेट म्हणतात. आम्हाला ते फार मोलाचं, कारण ते आधीच गरम असतं आणि त्यात क्षार नसतात. पण गेलेलं सगळंच परत येत नाही. कुठे गळतं, कुठे वापरलं जातं. जेवढं कमी पडतं तेवढं नवं पाणी घ्यावं लागतं, आणि नवं पाणी जसंच्या तसं चालत नाही. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो, तसाच तो नळ्यांना आतून धरतो. थरापलीकडे उष्णता जात नाही, नळीचं पोलाद जळू लागतं. म्हणून आधी क्षार काढायचे, मग पाणी वाफेने तापवून त्यात विरघळलेला ऑक्सिजन घालवायचा. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच बॉयलरच्या पोलादाला आतून खड्डे पाडतो.

वाफेचे हे दिवसही कायमचे नाहीत. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०११ ते २०१५ या काळात वाफेचे नळ बदलून गरम पाण्याचे टाकले. गरम पाण्याचं तापमान कमी ठेवता येतं, त्यामुळे वाटेत उष्णता कमी वाया जाते. मी शिकलो त्या विद्येतलं पुष्कळसं माझ्या निवृत्तीपर्यंत संग्रहालयात जाईल. याचं वाईट वाटतं का, असं मी स्वतःला विचारून बघतो. थोडं वाटतं. रेघ हलते. मग पुन्हा आपल्या जागी येते.

*

आता एका अवघड ठिकाणी जायचं आहे. मी मुद्दाम ते शेवटी ठेवलं.

समजा, तुम्ही पाळीवर आलात. बॉयलर धडाडून पेटलेला आहे. काचेकडे बघितलंत आणि काच रिकामी आहे. तोटी उघडून बघितली, बंद केली, तरी पाणी येत नाही. काय कराल?

हा प्रश्न परीक्षेत विचारतात. प्रत्येक शिकाऊ माणसाला विचारतात. बहुतेकांचा हात मनातल्या मनात पंपाकडे जातो. पाणी नाही ना, मग पाणी घाला. साधी गोष्ट.

हाच हात जीव घेतो. पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा उघड्या पडलेल्या नळ्या तापून लाल झालेल्या असू शकतात, पोलादाची ताकद गेलेली असते. त्यावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते. साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ मूळच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. ती जागा ती भिंतींकडून, छताकडून, माणसांकडून घेते.

बॉयलरचे नियम कुणी सुखासुखी लिहिले नाहीत. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, तेव्हा १८६४चा बंगालचा कायदा झाला आणि त्याच वाटेने पुढे १९२३चा भारतीय बॉयलर कायदा आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी २० मार्च १९०५ रोजी चपलाबुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. जोडात एक चीर होती, बाहेरून न दिसणारी. ५८ माणसं गेली. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीखाली असं कुणीतरी आहे. आबांनी एकेक नियम मला वाचून दाखवला नाही, पण हा एक मात्र लहानपणी पाढ्यासारखा म्हणवून घेतला. पाणी दिसेना, तर काय करायचं? आधी आग बंद.

आधी आग बंद. मग काहीही न करता त्याला त्याच्या गतीने निवू द्यायचं. कारण शोधायचं. पाणी सगळ्यात शेवटी.

इथे आपण जास्त वेळ थांबू.

आपण आतून कोरडे पडतो तेव्हा सगळे पाणी घेऊन धावतात, आणि आपणही. नवा छंद लाव. सुट्टी घेऊन कुठेतरी जाऊन ये. पहाटे ऊठ, पळायला जा. चांगलं पुस्तक वाच. सगळं पाणी खरंच चांगलं असतं, पण खाली जाळ तसाच पेटलेला असतो आणि लाल तापलेल्या धातूवर ते ओतलं जातं. मग माणूस तडकतो आणि लोक म्हणतात, एवढं केलं त्याच्यासाठी, तरी.

तुमची काच आज कशी आहे? खरं उत्तर द्या, ऐकणारं कुणी नाही.

पाणी दिसत असेल तर उत्तम. दिसत नसेल तर काही भरू नका. तुमच्याखाली किती बर्नर पेटलेले आहेत ते मोजा. नोकरी, कर्जाचा हप्ता, कुणाशी चाललेली न संपणारी बरोबरी, रात्री अकरानंतरचा फोन. सगळे विझवता येणार नाहीत, ते ठाऊक आहे. हप्ता भरावाच लागतो. पण आज रात्रीपुरता त्यातला एक बंद करता येईल का?

एकच. कुठला?

त्याचं नाव मनात घ्या. आता काही न करता बसून राहा. पोलादाला निवायला वेळ लागतो, आणि निवताना ते बारीक कुरकुरतंही. कुरकुरू द्या.

*

सकाळचे सात. बाहेर अजून काळोखच आहे. आणखी तासाभरात विद्यार्थी येतील. दार ढकलतील, जाकीट काढून खुर्चीवर टाकतील आणि वही उघडतील. आत ऊब आहे हे एकाच्याही लक्षात येणार नाही. लक्षात आलं तर आमचं कुठेतरी चुकलं, असं समजायचं.

मी लॉगबुकात रात्रीचे आकडे बघून घेतो. दाब, पाण्याची पातळी, वायू, परत आलेलं पाणी. शेरा: दुसरा बॉयलर पेटवला, बाकी विशेष काही नाही.

दुसऱ्या पाळीचा माणूस येतो. भुवयांवर हिमाचे कण, हातात कॉफी. मी म्हणतो, “रात्र शांत गेली.” तो मान हलवतो, कॉफी टेबलावर ठेवतो आणि माझ्या लॉगबुकाकडे न बघता सरळ काचेकडे चालत जातो. तोटी उघडतो. फस्स.

पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. मी आत्ताच तर सांगितलं ना? माझ्यावर विश्वास नाही का? एका रविवारी आबांना हे बोललोही. ते म्हणाले, “अरं, तू तुझ्या राच्चं सांगितलंस. त्यानं त्याच्या दिवसाचं बघाय नको व्हय?”

तुमच्या हातातला कप एव्हाना निवला असेल. त्यातली ऊब कुठे गेली, ते तुमच्या तळव्याला ठाऊक आहे.

इतका वेळ मी बोललो, तुम्ही ऐकून घेतलंत. हे सगळं माझ्या रात्रीचं होतं. तेव्हा आता कप खाली ठेवा, माझ्या शब्दावर जाऊ नका, आणि आपल्या काचेपाशी जाऊन तोटी उघडा.

तिकडे माझा सोबती तोटी बंद करतोय. रिकाम्या काचेत पाणी झटकन चढतं, जरा जास्तच वर जातं, खाली येतं, आणि आपल्या जागी थरथरत उभं राहतं.